भितरकनिकात होडी कुठून घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला घेऊन ओडिशातल्या भितरकनिका या खारफुटीच्या राष्ट्रीय उद्यानात जातोय. भद्रकपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. तिचे गुडघे दुखतात, पण तपकिरी पंखांचा खंड्या तिला एकदा डोळे भरून बघायचाय. ठाण्याच्या खाडीत तिने काळ्या डोक्याचा खंड्या पाहिलाय. तपकिरी पंखांचा मात्र आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावरच्या खारफुटीतच.

चांदबालीहून होडी घ्यावी की खोलाहून? मोठ्या इंजिनाच्या आवाजाने पक्षी उडतील अशी भीती वाटते. होडीत चढायला धक्का कुठे बरा आहे? उद्यानातल्या डांगमाळला एक रात्र मुक्काम पुरेल का? मगरी ओहोटीला चिखलावर ऊन खात पडतात, त्यामुळे तारीख भरती-ओहोटी बघूनच ठरवेन. आणि खारफुटीतला नवरंग पक्षी हिवाळ्यात कुणाला दिसलाय का?