सात्मीकरण आणि समायोजन यांत फरक काय?

प्रश्न : डी.एल.एड.ला (प्राथमिक शिक्षकांची पदविका) मानसशास्त्रज्ञ पियाजेचा बोधात्मक विकासाचा, म्हणजे मुलांची विचारशक्ती कशी वाढते याचा, सिद्धांत शिकते आहे. 'सात्मीकरण' आणि 'समायोजन' यांच्या व्याख्या पाठ झाल्या, पण समोरचं मूल यांतलं काय करतंय हे ओळखता येत नाही. समायोजन म्हटलं की मला तर अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणंच आठवतं! कुणी सोपं करून सांगेल का?

प्रतिसाद : सात्मीकरण म्हणजे नवी गोष्ट आपल्या जुन्या समजुतीत बसवून घेणं. ती बसेना म्हणून समजूतच बदलावी लागली, तर ते समायोजन.

प्रतिसाद : ताई, तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचं बोलणं ऐका. 'मी असं करलं', 'बाबा ऑफिसला जाला'. घरात मोठं कुणीच असं बोलत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हे. बसला, पडला, हसला यांतून त्याला नियम सापडलाय आणि तो नियम ते कर, जा या धातूंनाही लावतंय. हे सात्मीकरण. पुढे 'केलं', 'गेला' वेगळे चालतात हे कळून नियमाला मर्यादा पडते, ते समायोजन. अशा वेळी मुलाला थांबवून 'चूक, केलं म्हण' असं करू नये. 'अरे वा, तू केलंस?' एवढं पुरे.

शाळेतलं उदाहरण जास्त महत्त्वाचं. दुसरीत 'एकोणपन्नास लिहा' म्हटलं की काही मुलं 59 लिहितात. एकावन्न, बावन्न सगळे पन्नासच्या घरातले, मग ज्यात 'पन्नास' स्पष्ट ऐकू येतं तो अंक चाळीसच्या घरात कसा असेल? मुलाचा विचार अगदी सरळ आहे. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे द्या आणि एक काडी काढायला सांगा. त्यासाठी एक गठ्ठा सोडावा लागतो. चार गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या उरल्या की मूल स्वतःच 59 कडे परत बघतं. नुसती लाल फुली मारली तर हे होत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या 'वीस एक, वीस दोन' (म्हणजे एकवीस, बावीस) या संख्यावाचनाच्या नव्या पद्धतीवर एवढा वाद झाला, पण मूल हे शब्द ऐकून काय विचार करतं यावर फारच कमी बोललं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पियाजेचं कामही चुकांपासूनच सुरू झालं. 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेताना त्याला दिसलं, की एका वयाची मुलं साधारण एकाच प्रकारे चुकतात.

प्रश्नकर्ती : आता कळलं! पण मग 'समायोजन'पेक्षा 'फेररचना' बरा नाही का? मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं या ज्ञानरचनावादाशीही जुळतो.

प्रतिसाद : मलाही तोच आवडतो, मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते त्यातून दिसतं. वर्गात, पालकसभेत खुशाल वापरा. परीक्षेत मात्र समायोजनच लिहा, तपासणारे तोच शब्द शोधतात.