शब्दचर्चा: अनुमानास्पद, संशयास्पद की बेवारस?

शहापूरकर
बेळगावात आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या मांडवाबाहेर फलक लावायचाय. पहलगामनंतर यंदा बंदोबस्ताचं जरा जास्तच आहे. कन्नड मजकूर तयार मिळाला: ‘अनुमानास्पद वस्तु कंडुबंदल्लि कूडले ११२क्के करे माडि’. त्याखाली मी मराठीत लिहिलं, ‘संशयास्पद वस्तू दिसल्यास ताबडतोब ११२ वर फोन करा’. तर मंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, “वरचाच शब्द घे की गा, मराठीच आहे.” मी म्हटलं, मराठीत अनुमान म्हणजे तर्क, अंदाज. ते म्हणाले, “आमच्या घरात आज्जीपासून सगळे ‘मला अनुमान आलं’ म्हणतात, म्हणजे शंका आली. तू कुठली मराठी शिकलास?” उद्या छापायला द्यायचं आहे. कोण बरोबर?

टिळकवाडीचे गुरुजी
संशयास्पद. विषय संपला. धूर बघून अग्नी ओळखणं म्हणजे अनुमान. शंका हा अर्थ कन्नडातला. सीमाभागाची मराठी म्हणून काहीही खपवायचं बंद करा.

खानापूरवाली
गुरुजी, खपवायचं काय त्यात? संशय माणसावर घेतात. पिशवी दिसली तर आत काय असेल याचा आपण तर्कच करतो, म्हणजे तुमच्याच अर्थानं अनुमान झालं की. आमच्याकडं ‘संशय’ म्हटलं की नवरा-बायकोचं भांडण, दुसरं काही नाही. दोन्ही नको असतील तर ‘बेवारस वस्तू’ लिहा, स्टेशनवर ऐकून सगळ्यांना माहीत आहे.

खडेबाजार
ताई, बेवारस अजिबात नको. वर कन्नड फलक, खाली ‘बेवारस’, पोरं फोटो काढून फिरवतील. कन्नडात ‘बेवर्सी’ ही शिवी आहे, आमच्या बाजारात तासाला एकदा तरी ऐकू येते. शब्द एकच, तिकडं जाऊन बिघडला. शिवाय मराठीत बेवारस म्हटलं की पुढं मृतदेहच येतो.

आणि फलकानं काय होतं ते सांगतो. मे महिन्यात आमच्या दुकानासमोर एक पिशवी बराच वेळ पडून होती. एकानं आरडाओरडा केला, “लांब व्हा, लांब व्हा!” लांब कोण होतंय? होते नव्हते ते सगळे वाकून बघायला. शेवटी ‘लांब व्हा’ म्हणणाऱ्यानंच पिशवी उघडली. आत मिठाईचा, कुंद्याचा डबा. गिऱ्हाईक विसरून गेलेलं. फोन कुणीही केला नव्हता. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पण ‘हात लावू नका’ हे मोठ्या अक्षरात लिहा.

निपाणी कोगनोळी
फलकावर आणखी एक वाक्य घालायचा मोह होईल, तो टाळा: ‘सीमेवरील परिस्थिती लक्षात घेऊन’. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं, त्या दिवशी पुण्याहून मामांचा फोन, “सीमेवर काय चाललंय, ठीक आहात ना?” आई म्हणाली, “कोगनोळीला ना? काही नाही ओ, एसटी चालू आहेत.” आपल्याकडं सीमा म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकची, कोगनोळीचा टोलनाका, सीमेवर तणाव म्हणजे बसला काळं फासलं असणार. पाकिस्तानच्या बाजूला ‘सरहद्द’ म्हणा, घोटाळा होत नाही.

टिळकवाडीचे गुरुजी
सरहद्द हा परकीय शब्द आहे.

निपाणी कोगनोळी
आणि बंदोबस्त? तो तर तुम्ही मांडवात उभा करून ठेवलाय.

हिंडलगा रोड
आमच्या घरात सीमा नाही, सरहद्द नाही, ‘बॉर्डर’. भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. त्या दिवसांत घरी टीव्ही बंदच ठेवला होता. आई दिवसभर एकच म्हणायची, “मी धास्ती घेतलीय.” मराठीत क्रियापदं बघण्यासारखी आहेत. भीती वाटते, धसका बसतो, हाय खातात, आणि धास्ती मात्र आपण घेतो. मला वाटतं धास्ती ही दहशतीचीच बोलीतली लेक असणार, ‘ह’ पुढं सरकून ‘द’ला चिकटला की ‘धा’. कोशात बघितलेलं नाही, कुणाकडं असेल तर बघा.

टिळकवाडीचे गुरुजी
म्हणूनच दहशतवादी लिहू नये, अतिरेकी लिहावं. पंजाब पेटला होता तेव्हा वर्तमानपत्रं अतिरेकीच लिहायची. हल्ली तर टीव्हीवाले हिंदीतला आतंकवादी उचलतात, त्याचा मला खरा राग आहे.

खडेबाजार
अतिरेकी कसं चालेल? अतिरेक आमच्या वहिनी चहात साखरेचाही करतात. दहशत बसवणारा तो दहशतवादी, काम काय ते शब्दात आहे. आणि कन्नड पेपर बघितला तर ‘उग्र’. ‘उग्ररु’ वाचलं की मला अजून अत्तराचा वास येतो.

खानापूरवाली
आतंकची तर मजाच आहे. कन्नडात आतंक म्हणजे काळजी, जिवाला घोर. ‘जनरल्लि आतंक’ (लोकांत काळजी) हा मथळा अतिरेक्यापेक्षा बिबट्याला जास्त वेळा लागतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सच्या रानात बिबट्या शिरला होता, आठवतंय? आसपासच्या शाळा बंद, शोधायला हत्ती आणलेले, आणि बिबट्या सापडलाच नाही. तेव्हा खरी आतंक होती, हिंदी नव्हे, कन्नड अर्थानं. तरी लोक संध्याकाळी फाटकापाशी ‘दिसला का?’ विचारत उभे. खडेबाजारच्या पिशवीचंच ते मोठं भावंड.

हिंडलगा रोड
बिबट्याला हसू नका, तो निदान खरा होता. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या गोकाक तालुक्यातल्या सासरच्या घरावर हल्ला झाला अशी पोस्ट फिरली. जिल्हा पोलिसांनी साफ खोटं म्हणून सांगितलं, तरी माझ्याकडं ती येतच राहिली. तेव्हा कळलं की अफवा हे मूळ अरबीत ‘तोंडं’ या अर्थाचं अनेकवचन आहे. मराठीत आपल्याकडं कंडी आहे, वावडी, आवई, भुमका, हूल. एवढे शब्द कशाला लागले असतील बघा.

दादर गाडी
मूळ बेळगावचा, नोकरी मुंबईत. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या चालू, आणि आम्ही त्याच गाड्यांत. पेपरात ‘मुंबईचं स्पिरिट’. इतकी वर्षं झाली, याला मराठी शब्द कुणी दिला नाही. तुम्ही संशयास्पदवर बसलायत, मला हा द्या.

निपाणी कोगनोळी
जिगर.

टिळकवाडीचे गुरुजी
जिगर फारसी. चिवटपणा म्हणा, किंवा धीरोदात्तता.

दादर गाडी
धीरोदात्त कसला ओ गुरुजी. खाडा झाला तर पगार कोण देणार होतं? डब्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांचे डोळे वरच्या फळीवरच्या बॅगांकडं. एकानं आपली बॅग सरळ मांडीवर घेतली, मग बघून बघून सगळ्यांनी. याला चिवटपणा म्हणायचं तर म्हणा, मी नाइलाज म्हणतो. २६/११ नंतर तर स्पिरिट शब्दाचाच लोकांना वीट आला. ३ डिसेंबर २००८ ला गेटवेसमोर हजारो माणसं जमली ती काही आमच्या धीराचं कौतुक करा म्हणून नाही, राज्यकर्त्यांना जाब विचारायला. त्याआधीच गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता.

खडेबाजार
मग कोडगेपणा?

दादर गाडी
कोडगा लाज सोडतो. आम्ही काय लाजेचं केलं होतं?

खानापूरवाली
‘सरावलो’ म्हणा की. आणि दुसऱ्या बाजूला ‘सवकले’. आमच्याकडं रानातला गवा एकदा उसात शिरला, कुणी हाकलला नाही, की सवकतो, मग दिवसाढवळ्या येतो. माणसं सरावतात आणि येणारा सवकतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, त्यातलं सोकावणं हेच. तुमच्या पेपरवाल्यांनी नुसतं सरावलेल्यांचं कौतुक केलं, सवकलेल्याचं नावच काढलं नाही.

टिळकवाडीचे गुरुजी
म्हणीत ‘सोकावतो’ आहे. सवकणे हे ग्राम्य रूप, लिहिण्यात घेऊ नये.

निपाणी कोगनोळी
सोकावणे ‘शौक’वरून आलं असणार, चटक लागणे. शौक तर अरबी. म्हणजे गुरुजींचा शुद्ध शब्दही तिकडचाच निघाला की ओ.

टिळकवाडीचे गुरुजी
पुरावा द्या. आवाज सारखा म्हणून नातं लागत नसतं. हिंडलगा रोड यांची धास्तीची व्युत्पत्तीही तसलीच, ‘ह’ सरकला म्हणे.

हिंडलगा रोड
मग कन्नडातली ‘गाबरी’ कुठून आली सांगा. आपल्या ‘घाबरा’तला ‘ह’ नाही का तिथं सरकून पडला?

टिळकवाडीचे गुरुजी
तिथं तो लोप आहे, सरकणं नव्हे. आणि आधी ठरवा, त्यांनी आपल्याकडून घेतला की आपण त्यांच्याकडून.

खडेबाजार
आता हे ठरवायला तर १९५६ पासून चाललंय.