वायटची हरिणी पेट्रार्कच्या हरिणीहून इतकी वेगळी का वाटते?

प्रश्न
सोळाव्या शतकातील इंग्रज कवी सर थॉमस वायट यांचे शिकारीविषयीचे सुनीत (चौदा ओळींची कविता) हे चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेट्रार्कच्या ‘कान्झोनिएरे’ या काव्यसंग्रहातील १९० व्या कवितेचे रूपांतर मानले जाते. दोन्हींत हरिणी आहे आणि तिच्या गळ्यात ‘मला कोणी स्पर्श करू नये’ अशी हिऱ्यांची अक्षरे आहेत. तरीही पेट्रार्क वाचताना मन हळवे होते, तर वायट वाचताना जीव घुसमटतो. दरबारी प्रेमाच्या, म्हणजे उच्चकुलीन प्रेयसीची दुरून आराधना करण्याच्या मध्ययुगीन काव्यपरंपरेत प्रेयसी अप्राप्यच असते. मग हा फरक येतो कुठून?

उत्तर १
गळ्यातला मजकूर शेवटपर्यंत वाचावा. पेट्रार्कची हरिणी सांगते की, तिच्या सीझरने (म्हणजे सम्राटाने) तिला मुक्त ठेवले आहे. वायटची सांगते की, ती सीझरच्या मालकीची आहे. पेट्रार्कचा हा सीझर म्हणजे परमेश्वर, असा अर्थ बहुधा लावला जातो. तिथे कवी एकटाच आहे. दोन नद्यांच्या मधल्या हिरवळीवर, सूर्योदयापासून दुपारपर्यंत तो तिला नुसता पाहत राहतो, डोळे थकतात पण तृप्त होत नाहीत, आणि तो पाण्यात पडतो तेव्हा ती दिसेनाशी होते. वायटने हिरवळ, नद्या, लॉरेल वृक्षाची सावली, सारे काढून टाकले. हिऱ्यांसोबतचा पुष्कराजही गेला. उरली ती शिकाऱ्यांची धावपळ, आणि त्यांत सर्वांत मागे पडलेला, दमलेला कवी, ज्याला आपण जाळ्यात वारा धरू पाहत आहोत हे कळून चुकले आहे.

उत्तर २
वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते. बाराव्या शतकातील त्रुबादूर, म्हणजे दक्षिण फ्रान्समधील प्रेमगीते रचणारे कवी, प्रेयसीला ‘माझे धनी’ अशा पुल्लिंगी शब्दाने संबोधत, कारण सरंजामी सेवेची भाषाच त्यांनी प्रेमासाठी उचलली होती. तिथे धनीपण हे रूपक होते. वायट मात्र इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारात वावरत होता, जिथे स्त्रीच्या मागे खराखुरा धनी, म्हणजे राजाच, उभा होता. ही हरिणी म्हणजे हेन्रीची दुसरी राणी झालेली ॲन बोलिन, असे परंपरेने मानतात; त्याला निर्णायक पुरावा नाही. पण १५३६ च्या मे महिन्यात वायट लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला ॲनचा शिरच्छेद झाला, हे विसरून ती कविता वाचणे मला तरी जमत नाही.

उत्तर ३
इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या १५९५ मधील ‘अमोरेत्ती’ या सुनीतमालेतले ६७ वे सुनीतही सोबत वाचावे. तिथे दमलेला शिकारी पाठलाग सोडून सावलीत बसतो आणि हरिणी तहान भागवायला आपणहून ओढ्यावर परत येते. ती स्वेच्छेने बांधून घेते, पण हातात येताना अर्धवट थरथरत असते. ती थरथर स्पेन्सरने लपवली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आता वायटची अखेरची ओळ पुन्हा वाचली: वरून माणसाळलेली दिसले, तरी धरून ठेवायला मी रानटीच आहे. अक्षरे मालकाने कोरून घेतलेली असतील. पण या ओळीत मला हरिणीचाच आवाज ऐकू येतो.