टॅरो स्प्रेड वाचताना काय सापडलं? – अनुभव धागा

टॅरो म्हणजे चित्रांची कार्डं मांडून आपल्या प्रश्नाचा अर्थ लावणं. ते खरं की खोटं हा वाद आज बाजूला ठेवूया. एकेका कार्डाचा अर्थ पुस्तकात मिळतो. तीन किंवा दहा कार्डं शेजारीशेजारी मांडली (यालाच स्प्रेड म्हणतात) की मात्र तो पुरत नाही. तिथे तुम्ही कसं वाचलंत, ते लिहा. सुरुवात मी करते.

आई कोथरूडला एकटी राहते, आम्ही बाणेरला. "आई आमच्याकडे येईल का?" असं कार्डांना विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. मी विचारलं, "हा विषय तिच्याकडे कसा काढू?" आणि तीन कार्डं मांडली. पहिलं फोर ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे चार नाण्यांचं. याला सगळे कंजूषपणाचं कार्ड म्हणतात, पण चित्र नीट बघा. त्या माणसाने एक नाणं छातीशी धरलंय, एक डोक्यावर आहे आणि दोन पायांखाली. तो उठणार कसा? मधलं सिक्स ऑफ स्वोर्ड्स: नावाडी, बाई, मूल आणि नावेत उभ्या रोवलेल्या सहा तलवारी. म्हणजे ओझं काठावर टाकून नाही, बरोबर घेऊन निघालेत. शेवटी क्वीन ऑफ पेंटॅकल्स. पुन्हा नाणंच, पण इथे ते मांडीवर अलगद धरलेलं. पहिल्या आणि तिसऱ्या कार्डातल्या या फरकाने मला रस्ता दाखवला. "येतेस का?" असं न विचारता मी म्हटलं, "आई, यायचं ठरलं तर काय काय न्यायचं?" ती म्हणाली, "आधी माझी तुळस कुठे ठेवणार ते सांग." बोलणं तिथून सुरू झालं.

हिंजवडीहून
नोकरी बदलू का, हा प्रश्न होता. डेथ, म्हणजे मृत्यूचं कार्ड आलं आणि पोटात गोळाच आला. वाचणाऱ्या ताईंनी घाई केली नाही. म्हणाल्या, "मागे बघ, दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. आता सांग, तुझ्या लेखी काय आधीच संपलंय?" उत्तर मला माहीत होतं, फक्त मोठ्याने म्हटलं नव्हतं.

सिंहगड रोडवरून
माझा अनुभव वेगळा. टॉवर, म्हणजे वीज पडलेल्या बुरुजाचं कार्ड आलं म्हणून एका बाईंनी घरावर संकट आहे असं सांगितलं आणि लगेच शांतीचा खर्चही. मी उठून आले. कार्ड दाखवून घाबरवणाऱ्याला पैसे देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

सदाशिव पेठेतून
मी निवृत्त माणूस, हे मुलीकडून शिकलो. ही कार्डं मुळात पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. एकूण 78: 22 मेजर, म्हणजे डेथ-टॉवरसारखी नावांची, आणि पेंटॅकल्स, स्वोर्ड्स, कप्स, वाँड्स अशा चार रंगांची मिळून 56. 1909 साली लंडनला निघालेल्या कार्डांच्या डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी आकड्यांच्या कार्डांवरही प्रसंग चितारले, म्हणून आपल्याला चित्र वाचता येतं.

मुलगी सेल्टिक क्रॉस नावाच्या मांडणीची दहा कार्डं मांडते आणि आधी रंग मोजते. आमच्या वाड्याच्या पुनर्विकासावरून थोरल्या भावाशी बिनसलं होतं. माझ्या स्प्रेडमध्ये पाच स्वोर्ड्स निघाले, कप एकही नाही. ती म्हणाली, "बाबा, नुसते मुद्दे आहेत. माया कुठंय?" स्वोर्ड्स म्हणजे विचार आणि वाद, कप्स म्हणजे भावना. संध्याकाळी दादाला फोन लावला. करारनाम्याचं नाव काढलं नाही, गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. सह्या अजून व्हायच्यात, पण रविवारी तो जेवायला आला होता.

कर्वेनगरहून
भविष्य वगैरे मी मानत नाही. तरी रात्री एक कार्ड काढते आणि पुस्तक उघडण्याआधी नजर पहिल्यांदा कुठे गेली ते वहीत लिहिते. टू ऑफ स्वोर्ड्समध्ये सगळ्यांना डोळ्यांवरची पट्टी दिसते, मला मागचा समुद्र दिसला. त्या आठवड्यात तेच लिहिण्यासारखं होतं.

पुन्हा मीच, धागा काढणारी. पेठेतल्या काकांची रंग मोजायची पद्धत आजच करून बघते. आता उलट्या कार्डांबद्दल लिहा ना कुणीतरी. स्प्रेडमध्ये एकच कार्ड उलटं आलं, तर तुम्ही ते अडथळा म्हणून वाचता, की सरळ करून ठेवता?