मदत हवी आहे: टास्मानियात आठ रात्री, दोघेच, स्वतः गाडी चालवत, पश्चिम किनारा ठेवावा की गाळावा?

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी आणि माझे यजमान कोल्हापुरात राहतो आणि दोघांचीही पन्नाशी उलटली आहे. येत्या एप्रिलच्या अखेरीस आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर भाड्याची गाडी घेऊन आठ रात्री हिंडायचे, एवढे आमच्यात एकमताने ठरले आहे. त्यापुढचे काहीच ठरत नाही, आणि हा वाद आता रोज रात्री जेवणाच्या ताटावर येऊन बसू लागल्यामुळे जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा काढत आहे.

सहलीच्या कंपनीबरोबर का जात नाही, असे कोणी विचारण्याआधीच सांगते. चार वर्षांपूर्वी एका कंपनीबरोबर आम्ही डोंगराळ मुलखात गेलो होतो. रोज पहाटे पाचला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटे उतरायचे आणि दुकानांपाशी मात्र तासभर थांबायचे, असे आठ दिवस काढल्यावर पुन्हा त्या वाटेला जायचे नाही, असे आम्ही दोघांनीही कानाला खडा लावून ठरवले.

टास्मानियाची निवड यजमानांची. तिथेही गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, हे पहिले कारण. आणि गर्दी नाही, हे दुसरे. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहरात साधारण साडेपाच लाख माणसे होती, आणि २०२१ मध्ये त्या अख्ख्या बेटावरही जवळपास तेवढीच होती. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे जास्तच भरते. बेटाचा फार मोठा भाग राखीव आहे, आणि त्यातला नैऋत्येकडचा व मध्यभागातला रानाचा पट्टा १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

यजमानांनी आखलेला मार्ग असा आहे: बेटाच्या राजधानीत, हॉबार्टला उतरून एक रात्र तिथे काढायची, दुसऱ्या दिवशी पूर्व किनाऱ्याने सुमारे २०० किलोमीटरवरच्या कोल्स बे या गावी जाऊन फ्रेसिनेट राष्ट्रीय उद्यानातला वाइनग्लास बेचा अर्धचंद्राकृती किनारा वरून पाहायचा, तिसरी रात्र सेंट हेलेन्सला, म्हणजे ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर शेंदरी दगडफूल चढलेला बे ऑफ फायर्सचा किनारा पाहता येईल, चौथी लॉन्सेस्टनला, पाचवी आणि सहावी क्रेडल माउंटनला, सातवी पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रॅहनला, आणि आठव्या रात्री परत हॉबार्टला. सगळे मिळून हजार-अकराशे किलोमीटर होतात. त्यांचे म्हणणे असे, की मुंबईला जाऊन यायचे आणि वर पुण्यापर्यंत जायचे, एवढाच हा हिशोब आहे आणि त्याला आठ दिवस म्हणजे चैन आहे.

माझा आक्षेप किलोमीटरला नाही, उजेडाला आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, आणि महिनाअखेरीस हॉबार्टला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथले वॉम्बॅट आणि वॉलबी, पॅडीमेलन हे छोट्या कांगारूंसारखे प्राणी नेमके त्याच वेळी चरायला रस्त्याकडेला येतात. भाड्याच्या गाडीचे दोन-तीन करार मी बारीक अक्षरांसकट वाचले. त्यातल्या एकात सूर्यास्तानंतर जनावराशी टक्कर झाली, तर विमा लागू होणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

यजमान यावर हसतात, पण दाजीपूरची संध्याकाळ ते विसरलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात कणकवलीहून फोंडाघाटाने परतताना आम्हाला दाजीपूरपाशीच अंधार पडला. एका वळणावर गाडीच्या दिव्यात चार पांढरे खांब दिसले, गुडघ्यापर्यंत मोजे चढवल्यासारखे. बाकीचा गवा काळोखात असा मिसळून गेला होता, की ते पाय कोणाचे, हे कळायला क्षणभर गेला. यजमानांनी ब्रेक दाबला, मागच्या सीटवरचा चहाचा थर्मास खाली घरंगळला, आणि गवा मात्र जागचा हलला नाही. रवंथ करणारा त्याचा जबडा तेवढा डावीउजवीकडे हलत होता. चार-पाच मिनिटांनी तो आपल्या मर्जीने उतारावर उतरला. गव्याचे निदान पाय तरी पांढरे असतात. वॉम्बॅट म्हणजे पंचवीस-तीस किलोचे, जमिनीलगत चालणारे, मातीच्याच रंगाचे जनावर. ते रस्त्यात आले तर दिसणार कसे?

म्हणून माझे म्हणणे असे, की दररोज चार वाजता, फार तर साडेचारला मुक्कामी पोहोचायचेच, असा नियम करावा, आणि त्या नियमात जे बसत नाही ते गाळावे. प्रश्न आहे तो नेमके काय गाळावे याचा. पश्चिम किनारा गाळला तर मार्ग सरळ होतो, पण माझे मन तिथेच अडकले आहे. तिथली भूगोलाची मांडणी आपल्या जिल्ह्यासारखी वाटते. पश्चिमेचे वारे समुद्रावरून येऊन डोंगरांवर आदळतात. त्यामुळे क्वीन्सटाउनला वर्षाला सुमारे २४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगरांच्या पलीकडच्या हॉबार्टला जेमतेम ६०० मिलिमीटर. आपल्याकडे गगनबावडा भिजत असतो आणि शिरोळला छत्री कोरडी राहते, तोच प्रकार, फक्त पाऊस चार महिन्यांत न येता बारा महिने थोडा थोडा येतो. त्याच पावसावर तिथले ह्युऑन पाइन वाढतात. वर्षाला खोड जाडीने जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि झाड दोन हजारांहून अधिक वर्षे जगू शकते. अशा झाडापाशी एकदा उभे राहावे, एवढी इच्छा आहे. गॉर्डन नदीवर धरण बांधायला तिथल्या लोकांनी एवढा कडाडून विरोध केला, की प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात गेले आणि १९८३ साली धरण थांबले, हेही वाचले आहे. राधानगरी धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला धरण नको म्हणणारी चळवळ थोडी चमत्कारिक वाटते, हे कबूल करते. पण म्हणूनच ती नदी पाहायची आहे.

एप्रिलअखेर निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. फॅगस नावाचे तिथले एक झुडुपासारखे झाड थंडीत पाने गाळते, आणि गाळण्याआधी क्रेडल माउंटनच्या उतारांवर पिवळे, केशरी, तांबडे होते, ते याच सुमारास.

तेव्हा विचारायचे ते असे. आठ रात्री वाढवता येत नाहीत, कारण बँकेतून मला तेवढीच रजा मिळते. दिवसाउजेडीच गाडी चालवायची असेल, तर पूर्व आणि पश्चिम दोन्ही किनारे त्यात नीट बसतात का? बसत नसतील, तर कोणता सोडावा? माझ्याकडेही परवाना आहे, आणि गडहिंग्लजच्या शाखेत मी तीन वर्षे स्वतः गाडी चालवत जात-येत होते. परंतु यजमानांच्या मते परक्या देशात एकाच्याच हाती गाडी असावी. दोघांची नावे करारात घालावीत का, याबद्दलही अनुभवी लोकांनी लिहावे. शिवाय, कांदा-लसूण चटणी आणि थोडे पेढे नेता येतील का? आठ दिवस ब्रेड-लोणी खाऊन यजमानांचा स्वभाव कसा होतो, ते मला माहीत आहे.

यारातीर

ताई, मी मूळचा गडहिंग्लजचाच. बारा वर्षे झाली, मेलबर्नला असतो आणि टास्मानियाला तीनदा जाऊन आलो आहे. तुमचा चार वाजताचा नियम अजिबात मोडू नका. तिथल्या रस्त्यांवर, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ताशी ६५ किलोमीटरच्या आत राहा, असे सांगणाऱ्या पिवळ्या पाट्या आहेत, आणि सकाळी रस्त्याकडेला मरून पडलेली जनावरे पाहिली की त्या पाट्या का आहेत ते कळते.

भाऊंच्या आराखड्यातली खरी अडचण सातव्या आणि आठव्या दिवशी आहे. स्ट्रॅहनला जाऊन गॉर्डन नदीची बोट घेतली नाही, तर तिथे जाण्यात अर्थ नाही, आणि सकाळी निघालेली ती बोट परतते दुपारी. स्ट्रॅहन ते हॉबार्ट अंतर ३०० किलोमीटर आहे, पण वाट वळणांची आणि चढउताराची असल्याने पाच तास धराच. म्हणजे बोट करून त्याच दिवशी हॉबार्ट गाठायचे, तर शेवटचे दोन-तीन तास अंधारात जाणार, आणि तेही बेटावरच्या सर्वांत निर्मनुष्य रस्त्यावर. स्ट्रॅहनला दोन रात्री हव्यातच.

त्या रात्री कुठून काढायच्या, तर हॉबार्टला उतरूच नका. मेलबर्नहून लॉन्सेस्टनलाही विमाने जातात. तिथे गाडी घ्या आणि हॉबार्टच्या विमानतळावर सोडा. एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडण्याचे जादा पैसे लागतात का, ते आधी विचारून घ्या. लॉन्सेस्टनहून क्रेडल माउंटन दीडशे किलोमीटरच्या आत, तिथून स्ट्रॅहन साधारण १४०, आणि शेवटी एकच मोठा टप्पा हॉबार्टचा. मग पूर्व किनारा गळतो. पण समुद्रकिनारा आपल्याला मालवणातही मिळतो, दोन हजार वर्षांचे झाड मिळत नाही. हॉबार्टच्या टप्प्याला निघताना क्वीन्सटाउनला टाकी पूर्ण भरा आणि वाटेत लेक सेंट क्लेअरला जेवायला थांबा. ऑस्ट्रेलियातले सर्वांत खोल सरोवर ते हेच. क्वीन्सटाउनभोवतीचे उघडे डोंगर पाहून दचकू नका. तांबे वितळवण्यासाठी झाडे तोडली गेली आणि उरलेल्या हिरवाईची वाट भट्ट्यांच्या गंधकाच्या धुराने लागली.

आणखी एक: २५ एप्रिलला अँझॅक दिनाची सुट्टी असते. त्या आठवड्यातल्या खोल्या आजच पाहा.

शाहूपुरी४

वरील प्रतिसादाशी मी अर्धीच सहमत आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. स्ट्रॅहनच्या दोन दिवसांपैकी दीड दिवस पावसात गेला आणि बोटीच्या काचेतून नदीपेक्षा काचेवरचे थेंबच जास्त पाहिले. वाइनग्लास बेची चढण मात्र आजही डोळ्यांसमोर आहे, आणि मालवणचा किनारा त्याची जागा घेऊ शकत नाही. अर्थात तुमचे मन झाडांत असेल, तर पश्चिमेलाच जा. फक्त चांगले रेनकोट न्या, तिथल्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

क्रेडलला दोन नव्हे, तीन रात्री ठेवा, कारण ढग उतरले की शिखर दिवसभर तोंड दाखवत नाही. बससेवेच्या वेळेत खाजगी गाड्यांना डव्ह लेकपर्यंत जाऊ देत नाहीत. पर्यटक केंद्राजवळ गाडी लावून बसने जायचे. सरोवराभोवतीची वाट सहा किलोमीटरची आहे आणि दोन-अडीच तासांत आरामात होते. परतताना रॉनी क्रीकला उतरा. दुपार कलली की वॉम्बॅट तिथल्या गवतात निवांत चरत असतात. त्यांची विष्ठा चौकोनी ठोकळ्यांसारखी असते, आणि ती लाकडी फळ्यांच्या वाटेवर अशी रचलेली दिसते, की कोणी लहान मुलाने खेळ मांडला आहे असे वाटावे. शेवटच्या बसची वेळ तेवढी सकाळीच विचारून ठेवा.

पेढे नेऊ नका. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होत असल्यामुळे दुधाच्या मिठाईला ऑस्ट्रेलियात मज्जाव आहे. माझ्या सासूबाईंनी दिलेला अर्धा किलोचा डबा विमानतळावर माझ्यादेखत कचऱ्यात गेला. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या अर्जात लिहिले होते, म्हणून दंड तेवढा वाचला. चटणी कारखान्याच्या बंद पाकिटातली न्या आणि तीही अर्जात लिहा. घरची नेण्याच्या भानगडीत पडू नका. मेलबर्नहून टास्मानियाला जातानाही ताजी फळे-भाज्या नेता येत नाहीत. आमच्या पिशवीतले विसरलेले एक सफरचंद तिथल्या कुत्र्याने बरोबर शोधून काढले.

आणि नावे दोघांचीही घाला. एकाला ताप आला, तर दुसऱ्याने त्या रानात काय करायचे?

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री हे प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवले. सातव्या-आठव्या दिवसाचा हिशोब त्यांनी कागदावर स्वतः दोनदा मांडून पाहिला आणि मग तो कागद काही न बोलता माझ्याकडे सरकवला. त्यामुळे आता असे ठरले आहे: एक रात्र लॉन्सेस्टन, तीन क्रेडल माउंटन, दोन स्ट्रॅहन आणि दोन हॉबार्ट. हॉबार्टच्या मधल्या दिवशी केटरिंगहून वीसेक मिनिटांच्या फेरीबोटीने ब्रुनी बेटावर जाऊन उजेडी परत यायचे, म्हणजे त्यांना हवा असलेला समुद्रही मिळेल. वाइनग्लास बे गेल्याचे दुःख त्यांना आहे. पावसाचे विचाराल, तर ज्या माणसांनी भर जुलैत गगनबावड्याला भजी खायला जायचे कधी चुकवले नाही, त्यांनी स्ट्रॅहनच्या पावसाची तक्रार करू नये.

खोल्यांचे आरक्षण आजच केले. क्रेडलला तीन सलग रात्री मिळाल्या, पण तिसऱ्या रात्री खोली बदलावी लागेल. वाहन परवाना आपल्याकडे इंग्रजीत असतो आणि पर्यटकाला तो चालतो, असे कळले. तरीही गाडी भाड्याने देणाऱ्यांनी मागितला तर अडचण नको, म्हणून आंतरराष्ट्रीय परवाना काढत आहोत. त्याचे शुल्क १००० रुपये असून तो एक वर्ष चालतो. सोमवारी आरटीओत दोन अर्ज देणार आहोत. दुसरा माझ्या नावाचा आहे, आणि तो यजमानांनीच भरून ठेवला आहे.