गालातली चरबी काढल्यावर उजवाच गाल सुजलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत आले, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

वजन उतरलं तरी गाल काही हलेनात, म्हणून बकल फॅट रिमूव्हल करून घेतलं. जागा बधिर करून तोंडाच्या आतूनच दोन्हीकडे छोटी चीर, विरघळणारे टाके, तासाभरात मोकळी. ('कशाला केलंस?' हे कृपया नको, ते आईकडून रोज ऐकतेय.)

आठवडा उलटून गेला. डावा गाल उतरत आलाय, उजवा मात्र अजून टम्म. ताप नाही, पण जांभई देताना जबडा धरतो, तोंडात दोन बोटं जेमतेम मावतात. मऊ भात, मुगाचं वरण, ताक आणि खाल्ल्यावर मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या, असं चाललंय. काल वरणावर लिंबू पिळलं, तर दोन घासांतच उजवा गाल आतून ताणल्यासारखा झाला आणि फुगला. नंतर हळूहळू बसला. क्लिनिकमधून फोनवर 'सूज आहे, उतरेल' एवढंच.

एका बाजूला सूज जास्त राहते का? शेकू का? खरा आकार कधी दिसतो?

दाढदुखी: तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया हे माझं रोजचं काम. सूज मागेपुढे उतरते, त्यात नवल नाही. पण तुमचं लिंबू वाचून थबकले. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडते, आणि चीर तिच्या अगदी शेजारी असते. नळीला इजा झाली तर लाळ आत साठते आणि आंबट खाल्लं की गाल फुगतो. तसंच असेल असं नाही, पण हे फोनवर कळणारं नाही. उद्याच जाऊन दाखवा, 'जेवताना फुगतो' हे आधी सांगा. सुईने द्रव काढून बघतात, लाळ निघाली तर दाबपट्टी बांधतात, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. शेक नको, चोळणं नको, आंबट बंद. ताप, पू किंवा हसताना ओठ वाकडा झाला तर उद्याचीही वाट बघू नका.

आकाराचं म्हणाल तर तीन महिने आरशाकडे लक्ष देऊ नका, कधी सहाही लागतात.

जाता जाता: गुटख्याने तोंड उघडेनासं झालेल्या रुग्णाचे आतले कडक पट्टे कापले की ती उघडी जागा आम्ही याच चरबीने झाकतो. म्हणून ती सरसकट काढायला माझा विरोध असतो. वयानुसार गाल तसेही बसतात, आणि काढलेली चरबी परत येत नाही.

धागाकर्ती: ताई, खूप आभार. पुन्हा फोन करून जेवताना फुगतो हे सांगितलं, तर लगेच सूर बदलला. सकाळी बोलावलंय. जाताना उपाशी जाऊ की थोडं खाऊन, म्हणजे गाल फुगलेला दाखवता येईल?

दाढदुखी: खाऊनच जा. आणि आज फुगला तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.