शब्दचर्चा : हिमस्खलन, हिमप्रपात की ‘बर्फाचा कडा कोसळणे’?

प्रश्न : हिमाच्छादित डोंगरांत भटकणाऱ्यांसाठीच्या सूचनांचे भाषांतर करताना ‘अ‍ॅव्हलान्च’करिता कोणता शब्द घ्यावा? तसेच ‘स्लॅब’ला, म्हणजे एकसंध घसरणाऱ्या हिमाच्या थराला, ‘लादी’ म्हणता येईल का?

उत्तर : ‘हिमस्खलन’ घ्यावा. ‘स्खल्’ धातूचा अर्थ अडखळणे, घसरणे असा असल्याने घटना नेमकी व्यक्त होते. ‘हिमप्रपात’ही रूढ आहे, पण घाईत वाचणारा त्याला ‘हिमपात’, म्हणजे नुसती बर्फवृष्टी समजेल.

‘कडा कोसळणे’ बातम्यांत शोभत असले, तरी सूचनांत ते टाळावे. कडा म्हटला की उभी भिंत डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात इतक्या उभ्या जागी हिम फारसे साचतच नाही, ते थोडे थोडे ओघळून जाते, आणि बहुतेक धोकादायक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या, म्हणजे चढण्याचा मोह व्हावा अशाच उतारांवर होतात. शिवाय कडा वरून कोणावर तरी कोसळतो, तर भटक्यांचा बळी घेणारे स्खलन बहुधा त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी भाराने सुटलेले असते. कर्ता बदलला की सावधगिरीची दिशाही बदलते.

‘लादी’ला माझा विरोध आहे. ‘बर्फाची लादी’ म्हणताच कारखान्यातला टणक, पारदर्शक ठोकळा आठवतो (हिम आणि गोठलेले पाणी या दोहोंना आपण ‘बर्फ’च म्हणतो, ही अडचण आहेच), उलट घसरणारा थर पाय रुतावा इतका मऊही असू शकतो. टणकपणा हे त्याचे लक्षण नव्हे. कण परस्परांना धरून असलेला थर वर आणि त्याला नीट न धरणारा दुबळा थर खाली, अशी रचना असली की एका ठिकाणी पडलेला तडा दुबळ्या थरातून दूरवर पसरतो आणि वरचा संपूर्ण पट्टा एकदम सुटतो. म्हणून ‘सलग थराचे स्खलन’ म्हणावे. एका बिंदूपासून सुरू होऊन खाली पसरत जाणाऱ्या दुसऱ्या प्रकाराला ‘सुट्या हिमाचे स्खलन’ म्हणता येईल. दुबळा थर पायाखाली दबताना जो दबका आवाज येतो, त्याला मात्र परका शब्द कशाला? आपला ‘धप्प’ पुरेसा आहे, आणि तो ऐकू आला की त्या उतारावरून निघून जावे.

पुरवणी : हिमस्खलनाच्या इशाऱ्यांतील धोक्याच्या पाच पायऱ्यांसाठी अल्प, मध्यम, लक्षणीय, तीव्र, अतितीव्र असे शब्द सुचवतो. तिसरी पायरी आकड्यांत मधली असली, तरी तिला ‘मध्यम’ म्हणू नये. पायऱ्यांमधील अंतर समान नाही, धोका दर पायरीला झपाट्याने वाढतो, आणि लोक चौथ्या-पाचव्या पायरीला घरी थांबतात पण तिसरीला बाहेर पडतात, त्यामुळे मृत्यूंचा मोठा वाटा याच पायरीवर असतो.